पहिला घास

"संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता," जज्जसाहेबांनी निकाल वाचला. नवऱ्याला जेवणातून विष दिल्याच्या खटल्यातून शेवंता सुटली.

"म्हणजे मी केलं नाही, असंच म्हणाले ना साहेब?" तिनं वकिलांना विचारलं.

"तुम्ही केलंत हे सिद्ध झालं नाही, एवढंच म्हणाले. सुटलात ना बाई, घरी जा आता."

दारात सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुनेला पोटाशी धरलं. शेवंताचा जीव भांड्यात पडला. पदर खोचून तिनं पिठलं-भाकरी केली, सासूला ताट वाढलं.

नेहमीसारखा पहिला घास सासूनं अंगणातल्या कुत्र्याला घातला. एरवी ती लगेच ताटावर बसायची. आज मात्र उंबऱ्यातच उभी राहिली. कुत्र्यानं घास खाल्ला, शेपूट हलवत आणखी मागितला, तरी तिची नजर त्याच्यावरून हलेना.