सर्व शब्द पोचले

चंद्रावरून शलाकाचा फोन आला तेव्हा कालिंदीबाई कढीला फोडणी देत होत्या. पदराला हात पुसत त्या यंत्राजवळ आल्या. एकाच लहरीवर तीन थर यायचे: तळाला शब्द, त्यावर आवाज, त्यावर चेहरा. आज पडदा काळाच होता.

"आई, आजच्या यानात जागा आहे. हे चुकलं तर पुढचं वर्षाने. घरी येऊ का?"

भांडून गेलेली लेक इतक्या वर्षांनी विचारत होती. तिचा सूर कोरडा वाटला, पण आनंदाच्या भरात बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना हसू आणि रडू एकदमच फुटलं. शलाका खेळून उशिरा घरी आली की त्या दारातच लाडाने म्हणायच्या, तेच तोंडातून निघालं. "कशाला येतेस मेले? राहा की तिकडेच!"

तेव्हा ती खिदळत येऊन कमरेला बिलगायची.

आता थोड्या वेळाने एकच शब्द आला. "बरं."

तो आवाज शलाकाचा नव्हता, तिचे शब्द वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा होता. सौरवादळाने वरचे दोन्ही थर खाल्ले होते. म्हणजे आपलं हसूही तिकडे गेलं नाही!

"अगं, थट्टा केली! ये, लगेच ये!" त्या ओरडल्या, पण फोन बंद झाला होता. पुन्हा लागेना.

पूर्वी ट्रंक कॉलच्या खरखरीत निम्मे शब्द विरायचे, पण बाईंच्या आईचा हुंदका तेवढा नेमका पोचायचा.

पडद्यावर नेहमीची पोच उमटली: 'संभाषण यशस्वी. आपले सर्व शब्द पोचले.'