कानातलं नाव

नव्या फोनसोबत आलेला तो ब्राउझर तनुजानं बारशाच्या आदल्या दिवशीच काढून टाकला. भाचीसाठी त्यात नावांची एक यादी काय पाहिली, दिवसभर पाळण्यांच्याच जाहिराती मागं लागल्या. तिनं हिस्ट्री पुसली, माइकही बंद केला. आत्यानं ठरवलेलं नाव बाळाच्या कानाआधी कुणाला कळू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाच्या बिडकीनच्या घरी बारशाला बायका जमल्या. तनुजानं वेळ बघायला फोन काढला. ब्राउझर परत आला होता. शोधायच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘मृण्मयी कुठं आहे?’

तिनं हेच नाव मनात धरलं होतं. ते यादीत नव्हतं, कुणापुढं बोललंही नव्हतं.

“वन्सं, नाव सांगा की,” बाळाची आई मंजुषा म्हणाली. “लेकरू रडायलंय.”

तनुजा पाळण्यावर वाकली. बायकांनी रिवाजाप्रमाणं हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्यात तिनं ऐनवेळी सुचलेलं दुसरंच नाव इवल्याशा कानात सांगितलं.

“कुर्र... केतकी.”

लेकरू एकदम गप्प झालं.

मुठीतला फोन थरथरला. चौकटीत आता दोनच शब्द होते.

‘केतकी सापडली.’