पोकरणकडचा रस्ता

“पालीच्या पुढं रस्ता कुठी वळते?”

विक्कीने अजून ट्रकची चावीसुद्धा खिशात टाकली नव्हती. वच्छलाने बाकडं पुसलं, चहाचं आधण ठेवलं आणि लगेच विचारलं. कुरखेड्याबाहेर, वडशाच्या रस्त्याला तिची टपरी होती. विक्की बल्लारपूरचा. तिथून कागदाची रिळं घेऊन राजस्थानात जायचा, येताना संगमरवराच्या लाद्या आणायचा. कुरखेड्यात कोणी नवं घर बांधायला काढलं, की त्याची गाडी इकडे यायची.

“पालीवरून जोधपूर,” तो म्हणाला. “मंग पोकरणपर्यंत सरळ. इतका सरळ का चालवता चालवता डोळा लागते मानसाचा.”

“आन् झाडं?”

“झाडं कुठची बाई. रेतीच रेती.”

वच्छलाने डोळे मिटले. रेती म्हटलं की तिला उन्हाळ्यातली वैनगंगा दिसायची. पण ही नदी निराळी. हिला पाणी कधी आलंच नव्हतं आणि पलीकडचा काठही नव्हता. त्या रेतीतून काळा रस्ता जायचा, पार आभाळात शिरायचा. इतक्या वर्षांत टपरीवर थांबलेल्या ड्रायव्हरांनी तो तिला तुकड्यातुकड्यांनी सांगितला होता. कोणी सांगितलं, आधी तिथे रस्ता नव्हताच, उंटांचे तांडे जायचे, आणि मुक्काम पडे तिथे विहीर असायची. कोणी सांगितलं, मग राजांनी त्याच वाटेवर मुरूम टाकला. सरहद्दीवरच्या लढाईनंतर मिलिटरीच्या गाड्यांसाठी डांबर आलं. आता म्हणे चार गाड्या शेजारी शेजारी धावतात.

दुपारी भांडी घासून ती जराशी लवंडली की त्या वाटेने चालू लागायची. स्वप्नात पाय भाजत नसत. शेजारून उंट जायचे, पाठीवर मिठाच्या गोण्या घेऊन, पाऊल न वाजवता. एखाद्या विहिरीशी ती थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा निघायची. कुठवर जायचं ते मात्र कधी कळायचं नाही. तेवढ्यात कोणीतरी चहा मागायचं.

ती हे सगळं कशासाठी विचारते ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा एकुलता एक पोरगा, पोचू, त्याच मुलखात गेला होता. तेव्हाचे दिवस वाईट होते. रात्री जंगलातले बंदूकवाले येऊन भात मागायचे. सकाळी पोलिस येऊन भात कोणी दिला ते विचारायचे. पोचू तरणाबांड, चालायला काटक. दोन्हीकडची नजर त्याच्यावर होती. एक दिवस शेजारच्या गावचा पोरगा रस्त्यावर मरून पडलेला दिसला. त्याला कोणी मारलं हे कोणी मोठ्याने विचारलं नाही. त्याच आठवड्यात पोचू एका राजस्थानी ट्रकवर चढून निघून गेला. मागाहून चिठ्ठी नाही, फोन नाही.

“मायले टाकून गेला,” लोक म्हणत. वच्छला चहा गाळत ऐकून घेत असे.

विक्कीने चहाचा घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

“बाई, या खेपेले एक गोष्ट झाली. सांगू का नोको, असं झालं मले.”

“सांग ना.”

“पोकरणच्या अलीकडं एक ढाबा हाये. मालकानं माझ्या गाडीचा नंबर पाह्यला आन् जवळ येऊन बसला. मले-तुले करून बोलाले लागला, आपल्यासारखा. तितक्या दूर. मी नाव पुसलं. म्हने, पोचू, कुरखेड्याचा.”

वच्छलाने गाळणी हातातच धरून ठेवली. चहा पातेल्यात वर येत होता.

“बरा हाये?”

“बरा हाये. केस पिकले जरासे. बायको तिकडचीच, लेकरं हायेत.” विक्कीने पातेलं स्वतःच खाली उतरवलं. “मले राग आला बाई. म्हनलं, माय तिकडं एकटी चहा इकून राह्यली, आन् तू इथी मजेत. त्यानं मान खाली घातली. पन तुमच्याबद्दल एक शब्द नाई पुसला. रस्त्याचंच पुसत बसला. कुरखेड्याचा रस्ता कसा हाये. पूल झाला का. कोनी झाडं पाडून ठेवत नाई ना रस्त्यात. रातची बस जाते का आता. आपल्याकडचा ड्रायव्हर दिसला का त्याले हेच पुसते म्हने.”

वच्छलाने समोर पाहिलं. शाळा सुटली होती. पोरी सायकलींवरून गप्पा मारत, रस्ता अडवून चालल्या होत्या. जिथे एकदा सुरुंगाने रस्त्याखालची मोरी उडवली होती तिथे रुंद पूल होता. कोरचीची शेवटची बस आता अंधार पडल्यावर जायची. उतरलेली माणसं पिशव्या घेऊन, मोठमोठ्याने बोलत घरी जायची. हे ती रोज पाहत होती. पण पाहिलेल्यावर विश्वास ठेवायला तिचं मन धजत नव्हतं.

“त्याचा नंबर हाये का तुयाजवळ?”

“हाये. पन तो बोलन का नाई...”

“लाव.”

विक्कीने फोन लावून तिच्या हातात दिला. तिने तो कानाशी धरला. पलीकडून वारा ऐकू आला, मोकळा, कुठेच न अडणारा. एका ट्रकचा हॉर्न वाजला आणि लांब गेला.

“हॅलो. कोन?”

पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं.

“पोचू,” ती म्हणाली, “मी बोलावल्याबिगर येजो नोको, असं मीच म्हनलं होतं तुले. आता ये, बाबू.”