आकडेवाला

बायको गेल्याचं सांगून नर्सनं तिच्या बांगड्या आणि एक नाणं त्याच्या हातात ठेवलं. टाकसाळीत त्या नाण्याचा साचा त्यानं आणि त्याच्या मित्रानं मिळून कोरला होता. पुढचा देव आणि त्याखालची प्रार्थना मित्रानं, मागचा किमतीचा आकडा त्यानं स्वतः.

ती रोज सकाळी ते नाणं मुठीत धरून डोळे मिटायची, आणि याच्या पोटात दुखायचं.

"त्याचा देव बरा मिळाला तुला पुजायला. मी आपला आकडेवाला."

"अहो, किती जळाल?" ती हसायची.

आज पहिल्यांदाच त्यानं नाणं उलटसुलट करून पाहिलं. देव अगदी नवाकोरा होता. तिचा अंगठा फिरून फिरून आकडा मात्र पार झिजला होता.



तिला तो आकडा नव्यानं कोरून द्यायचा राहून गेला.