नाव जुळत नाही

स्क्रीनवर वरच्या ओळीत नाव होतं, बाबुराव कुऱ्हाडे. खालच्या चौकटीत हॉस्पिटलच्या कारकुनाने, आमोदने, टाइप केलं, बाबुराव कुऱ्हाडे. मशीनने लाल पट्टी दाखवली: नाव जुळत नाही.

"पाहिलंत?" खिडकीआडून आमोद म्हणाला. "हे तुमचे वडील नाहीत."

समाधान काचेला नाक लावून बघत होता. दोन्ही नावं एकाखाली एक, जुळ्या भावांसारखी. वडील काल गेले, हॉस्पिटलच्या शवागारात ठेवले, आणि आता घरी न्यायचे तर नाव जुळल्याशिवाय मशीन पास छापत नव्हतं. मागे कोणीतरी भलत्याच मयताला अग्नी देऊन मोकळं झालं होतं म्हणे, तेव्हापासून हा कडक बंदोबस्त.

काय बिघडलंय ते समाधानला तिथल्या तिथे कळलं. कॉम्प्युटरमधल्या एक्सएमएलच्या फायली आणि त्यांत नावं शोधणाऱ्या आज्ञा, म्हणजे क्वेऱ्या, यावरच तर त्याचं पोट होतं. कुऱ्हाडेमधला तो वाकडा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत मधे एक न दिसणारं अक्षर जाऊन बसतं. माणसाला दोन्ही सारखेच, क्वेरीला मात्र जमीन-अस्मानाचा फरक. दाखल करताना कोणीतरी एका कीबोर्डवर नाव घातलं होतं, इथे कीबोर्ड दुसरा होता. बस, एवढंच.

त्याने हे सगळं आमोदला समजावून सांगितलं. आमोदने मान हलवत, मधे न बोलता ऐकून घेतलं.

"न दिसणारं अक्षर," तो म्हणाला. "बरं. दाखवा."

वरचं नाव कॉपी करून खाली टाका, असं समाधानने सुचवलं. कॉपी बंद होती, सुरक्षेसाठी. मग मी आत येऊन टाइप करतो, म्हणाला. आत यायला पास लागत होता, आणि पास हेच मशीन छापायचं.

मागे बाकावर आई, शैलाबाई, पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. धायरीच्या घरून फोनवर फोन येत होते. दारात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, भंतेजी येऊन बसले होते, वर्ध्याहून रातोरात आलेले काका दर फोनला विचारत होते की निघालात का. दुपारची वेळ चुकली तर स्मशानभूमीत आज जागा मिळणार नव्हती.

मशीनवर मदतीचा नंबर चिकटवलेला होता. समाधानने लावला. पूर्वा नावाच्या मुलीने उचलला आणि त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आतच न दिसणारं अक्षर ओळखलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला गहिवरून आलं. इश्यू अगदी व्हॅलिड आहे सर, ती म्हणाली, फक्त प्रायॉरिटी ठरवायची. सिस्टिम पूर्ण बंद आहे का? नाही. मग पेशंटची काही गैरसोय होतेय का?

"पेशंट वारलेत," समाधान म्हणाला.

"ओके. म्हणजे गैरसोय नाही."

पुढच्या महिन्याच्या रिलीजमध्ये नक्की घेऊ, म्हणाली. टेक केअर, म्हणाली.

जेवायची वेळ झाली तसा आमोद जरा विरघळला. खिडकी लावण्याआधी वाकून, हळू आवाजात म्हणाला की एक वाट आहे. मयताचं नाव बदलायचा अधिकार त्याला नव्हता, पण काढून टाकायचा होता. नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष' आपोआप येतं. त्यात असला वाकडा र कुठेच नाही, दर वेळी बिनबोभाट जुळतं. मग कोणीही सज्जन नागरिक अंत्यविधीसाठी घेऊन जाऊ शकतो. फक्त आपलं काही नातं नाही, एवढं लिहून द्यायचं.

"आणि मृत्यूच्या दाखल्यावर काय येईल?"

"अनोळखी. नंतर दुरुस्तीचा अर्ज करा. त्याला मयताने हजर राहावं लागत नाही."

समाधान बाकाशी गेला, आईच्या कानाशी वाकला. बराच वेळ वाकून होता. शैलाबाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं की मग आज नेता येईल ना. तो परत आला आणि त्याने सही केली.

आमोदने दोन शब्द टाइप केले. पट्टी हिरवी झाली, पास बाहेर आला.

"सिस्टिम चांगलीच आहे हो, आपण समजून घेत नाही," आमोद म्हणाला. मग काहीतरी आठवून त्याने पेन वर केलं. "आईंना सांगा, गेटबाहेर जाईपर्यंत रडू नका. वर कॅमेरा आहे. अनोळखी माणसासाठी कोण रडतं?"

शवागारातले सर्जेराव स्ट्रेचर ढकलत आले. नियमाप्रमाणे त्यांनी तोंडावरची चादर दूर केली आणि विचारलं, ओळखता का.

बाबुरावांची दाढी एका रात्रीत वाढल्यासारखी दिसत होती. समाधानने नीट पाहून घेतलं.

"नाही."

"तोंडवळा तर तुमचाच हाय," सर्जेराव म्हणाले आणि चादर परत ओढली. "गाडी कुठं न्यायची?"

शैलाबाई बाकावरून उठल्या. पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं, आणि कोरड्या डोळ्यांनी स्ट्रेचरपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आम्ही धायरीलाच चाललोय," त्या म्हणाल्या. "ह्यांनाही सोडू जाता जाता."