अकरावी चिंधी

अकरा चिंध्या आत गेल्या होत्या आणि बाहेर दहाच आल्या. धुवायला घेतल्या तेव्हा हे पुंडलिकच्या लक्षात आलं. त्यानं तिसऱ्यांदा मोजल्या. रॉकेलच्या घमेल्यात हात घालून पाहिला, खिसे उलटे केले, बाकाखाली वाकून पाहिलं. दहाच.

चिंध्या घरच्या. बायको, इंदू, जुनं लुगडं फाडून द्यायची. ट्रकचं इंजिन उघडलं की पुंडलिक पाण्याच्या एकेका भोकात एकेक बोळा कोंबायचा, म्हणजे पिस्टनवरचा कार्बन खरवडताना खपल्या आत पडू नयेत. कोंबताना मोठ्यानं मोजायचा, काढताना पुन्हा मोजायचा. शेडमधले लोक म्हणायचे, पुंडलिकचे मंत्र सुरू झाले. वीस वर्षांत मंत्र चुकला नव्हता.

आज चुकला तो सायरनमुळे. एकाहत्तरचा नोव्हेंबर. लढाई आज लागते की उद्या, असं चाललेलं, आणि रांझीजवळच्या लष्करी ट्रकांच्या कारखान्यात दर दोन दिवसांनी हवाई हल्ल्याची तालीम. सायरन झाला तेव्हा पुंडलिक चिंध्या काढत होता. सात की आठ, आकडा तोंडात असतानाच तो सगळ्यांबरोबर खंदकात जाऊन पालथा पडला. परत येऊन घाईघाईनं उरलेल्या काढल्या, वरचं झाकण, म्हणजे हेड, बसवलं, नट आवळले. ट्रक सुरू झाला, धूर स्वच्छ निघाला, पास झाला. आता तो बाहेर, सरहद्दीकडे निघालेल्या ट्रकांच्या रांगेत उभा होता. रांग चारला सुटणार होती आणि साडेतीन होऊन गेले होते.

भोकात चिंधी राहिली तर कारखान्याच्या आवारात काहीच कळत नाही. माल भरून घाट चढताना कळतं. तिथलं पाणी अडतं, सिलिंडर तापतो, पिस्टन धरतो आणि गाडी जागेवर बसते. ती जागा कुठली असेल, हे शेडमध्ये बसून कोण सांगणार.

तो शेडचे चार्जमन रामराव यांच्याकडे गेला आणि सगळं सांगितलं.

"पडली असंल कुठं," रामराव म्हणाले. "एका चिंधीपायी काहून जीव जाळून राहिला?"

मग त्यांनी आवाज उतरवला. या दिवसांत असल्या चुकीला कोणी चूक म्हणत नाही, घातपात म्हणतात. चौकशी लागेल, नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, इंदूला घेऊन कुठं जाशील, असं त्यांनी समजावलं. माणूस वाईट नव्हता. जे बोलत होते ते सगळं खरं होतं, पंचाईत तीच होती.

पुंडलिक जागेवर येऊन बसला. पाना उचलला, ठेवला. दारापर्यंत गेला, परत आला. तहान नसताना पाणी प्यायला. त्याला भीती वाटत होती, आणि ती त्या ट्रकसाठी वाटते की क्वार्टरसाठी, हे काही ठरेना. त्याची त्याला लाजही वाटली. पावणेचारला तो उठून रांगेकडे निघाला. काय करायचं ते तेव्हाही ठरलेलं नव्हतं.

ट्रकचा ड्रायव्हर मंगलसिंह मरावी, कुंडमकडचा. सकाळीच पुंडलिकनं त्याला झापलं होतं. सेल्फनं गाडी लवकर सुरू होत नाही म्हणून हा बहाद्दर तासन्‌तास उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचा, आणि आत भाताच्या पातेल्याला धरते तशी कार्बनची खरपुडी जमली होती. "खडी गाडी में इंजन मत चलाया करो, भैया," पुंडलिक म्हणाला होता. मंगल नुसता हसला होता.

आता रांगेतले सगळे ट्रक घुरघुरत होते. मंगलचा तेवढा बंद होता. तो केबिनमध्ये हात बांधून, शहाण्यासारखा, हुकमाची वाट बघत बसला होता.

पुंडलिक खाली वाकला आणि त्यानं रेडिएटरचा नळ सोडला. कढत पाणी जमिनीवर सांडलं.

मंगल उडी मारून उतरला आणि पुंडलिकला आईबहिणीवरून शिव्या द्यायला लागला. रामराव धावत आले. चार वाजता रांग मंगलला मागं टाकून निघून गेली. शेवटचा ट्रक दिसेनासा होईपर्यंत मंगल बघत राहिला.

सहाला हेड उचललं. चौथ्या भोकात चिंधी होती, भिजून फुगलेली, हिरव्या काठाची. मंगलनं ती बोटानं ओढून काढली, बराच वेळ हातात धरली आणि बाकावर ठेवली.

वरून विचारणा आली होती. ट्रक का थांबला आणि कोणी थांबवला, हे लिहून पाठवायचं होतं. रामराव कागद घेऊन बसले, पण पेन काही पुढं सरकेना.

"लिख दीजिए साहब, गाडी ड्राइवर ने रोकी," मंगल म्हणाला. "बोला, इंजन गरम लग रहा है."

रामरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. शेड वाचत होती, पुंडलिक वाचत होता. त्यांनी लिहायला घेतलं, तेवढ्यात पुंडलिकनं कागदावर हात ठेवला.

"रामरावजी, तो लढाईवर चालला. निघायच्या दिवशी गाडी रोखली, हे त्याच्या नावावर काहून लावता?"

त्यानं त्यांच्या हातातलं पेन घेतलं, ‘ट्रक कोणी थांबवला’ यापुढं आपलं नाव लिहिलं, पुढं टोकन नंबर घातला. हात उचलला तेव्हा कागदावर कार्बनचा काळा पंजा उमटला होता, पाचही बोटांसकट.

रामरावांनी कोरा कागद काढायला ड्रॉवर उघडला.

"राहू द्या," पुंडलिक म्हणाला. "हाच पाठवा."