मुकी परीक्षा

अलार्म वाजू लागला तसा काकूंनी चष्मा सारखा केला आणि माहितीपुस्तिकेचं पान उलटलं. समोरच्या खुर्चीत पेशंट म्हणून एक उशी बसवली होती. ऑक्सिजनच्या यंत्रातून निघालेली नळी तिच्याभोवती गुंडाळली होती आणि कुणातरी टवाळानं उशीला पेनानं डोळेही काढले होते. शेजारी जादाचा सिलेंडर उभा होता.

काकू कंपनीच्या हिशेब खात्यातल्या. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच त्यांना बोलावलं होतं. ही मास्तरांची पद्धत. मास्तर लेखन विभागाचे प्रमुख. आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पुस्तिका छापायला जाण्याआधी कुणीतरी अनभिज्ञ माणूस ती वाचत वाचत यंत्र चालवणार आणि जिनं लिहिली तिनं समोर तोंड शिवून बसायचं. एक शब्द बोलली की पान नापास. "लोकांच्या घरी पुस्तिकेबरोबर तू जाणार नाहीस," मास्तर म्हणायचे.

आज समोर गप्प बसलेल्या मुलीची ही पहिलीच पुस्तिका. ती पास झाली तर नोकरी पक्की, नाहीतर उमेदवारी आज संपत होती. घरी वडील येणाऱ्याजाणाऱ्याला "आमची मुलगी लेखिका आहे" असं सांगत सुटले होते. कशाची लेखिका, असं कुणी विचारायच्या आत ते विषय बदलत.

आतापर्यंत सगळं सुरळीत झालं होतं. काकूंनी बाटलीत पाणी भरलं होतं, बटणं बरोबर दाबली होती, एकदाही अडखळल्या नव्हत्या. मास्तर कोपऱ्यात लाल पेन्सिल घेऊन बसले होते. यंत्र बनवणारा इंजिनिअर दाराला टेकून उभा होता आणि कंटाळला होता.

"पिवळा दिवा लागून अलार्म वाजत राहिल्यास," काकूंनी मोठ्यानं वाचलं, "सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा."

त्यांनी फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला की सगळे प्रतिनिधी इतर ग्राहकांशी बोलत आहेत, कृपया थांबा. मग बासरी सुरू झाली. काकू थांबल्या. अलार्म वाजत राहिला.

"हे तर थांबा म्हणतायत. तोवर मी काय करू?" त्यांनी पुढचं पान उघडलं. पुढे यंत्राची साफसफाई होती.

ती खाली मान घालून बसली. या ओळीसाठी ती इंजिनिअरकडे पुन्हा पुन्हा गेली होती आणि दर वेळी त्यानं हेच वाक्य हातात ठेवलं होतं. मग तिनं इकडून तिकडून विचारून काय करायचं ते गोळा केलं, पण त्याच्या सहीशिवाय ते छापता येत नव्हतं आणि सही करायला तो तयार नव्हता. शेवटी तिनं त्याचं वाक्य निमूट उतरवलं. तेव्हा लाज वाटली नव्हती. आता वाटत होती.

"अगं, तुला माहितेय," काकू म्हणाल्या. "तोंडावर दिसतंय तुझ्या. सांग की."

"काकू, तिच्याशी बोलायचं नाही," मास्तर म्हणाले.

"मग कुणाशी बोलू? या उशीशी?" काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पुढच्या आठवड्यात हेच यंत्र आमच्याकडे यायचंय. सासऱ्यांसाठी. दिवसभर घरात सासूबाई एकट्याच असतात त्यांच्याजवळ."

बासरी संपून पुन्हा तोच गोड आवाज आला.

"नळी काढा, काकू," ती म्हणाली. "यंत्राची नळी काढून सिलेंडरला लावा. मग वरची चावी उघडा."

मास्तरांची पेन्सिल पानावरून फिरली. "नापास," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"माहितेय," ती म्हणाली. आज घरी जाऊन काय सांगायचं, ते तिला सुचत नव्हतं.

"आणि हे छापायचं नाही हं," इंजिनिअर दारातून म्हणाला. "लोक घरी काहीतरी उलटसुलट करतात आणि मग कंपनी गोत्यात येते."

काकूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन मान वाकडी करून खांद्याशी धरला, पुस्तिका जवळ ओढली आणि पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवलं. "परत सांग. हळू सांग."

"नळी काढा," ती म्हणाली.

काकूंनी लिहिलं.

"सिलेंडरला लावा."

"तसं नाही," इंजिनिअर म्हणाला. तो दारातून आत आला होता. "आधी चावी. आधी सिलेंडरची चावी उघडायची, त्याच्या तोंडाशी हात धरून ऑक्सिजन येतोय का बघायचं. मग नळी. सिलेंडर रिकामा निघाला तर? तुम्ही नळी आधीच काढून बसाल, आणि तिकडे माणूस..."

तो मध्येच थांबला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

काकूंनी लिहिलेलं खोडलं.

"मग तुम्ही सांगा," त्या इंजिनिअरला म्हणाल्या. "सासूबाईंना कळेल असं सांगा."